रिंग थोडी मोठीच बरी

एअर रायफलच्या नेमबाजीत नव्याने उतरलेल्या मुलाच्या घरी पैसा आणि चर्चा दोन्ही आधी रायफलीवर, मग जॅकेटवर आणि बुटांवर खर्च होतात. नळीच्या टोकाशी जो छोटा बोगदा असतो, त्यात कुठल्या मापाची रिंग बसवायची हा प्रश्न सहसा कुणी विचारतच नाही. रायफलीबरोबर आलेली रिंगच राहते, नाहीतर क्लबातल्या एखाद्या मोठ्या मुलाची पाहून तशीच आणली जाते. खरे तर सगळ्या साहित्यात किमतीच्या मानाने गुणांवर सर्वाधिक परिणाम करणारी वस्तू हीच आहे, आणि तिच्या निवडीत चूक झालीच तर ती बहुधा एकाच बाजूला होते. रिंग हवी त्यापेक्षा लहान निवडली जाते. मूल जितके नवे, तितकी त्याची रिंग मोठी हवी. या म्हणण्याला नुसत्या अनुभवाचा नाही, साध्या भूमितीचा आणि डोळ्याच्या रचनेचा आधार आहे. तो आकडे मांडून तपासता येतो.

हा विषय कडेगावसारख्या तालुक्याच्या गावात आज का काढायचा, याला कारण आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांनिशी कांस्यपदक मिळवले. त्याआधी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळाले होते ते १९५२ मध्ये हेलसिंकीला, खाशाबा जाधवांना. खाशाबांचे गोळेश्वर कऱ्हाडला लागून, आणि कऱ्हाडहून विट्याकडे निघाले की वाटेत कडेगाव. हा सगळा पट्टा कुस्तीचा. कुंडलचे मैदान इथून जवळ. पैलवानाचे साहित्य म्हणजे लंगोट आणि खुराक, त्यामुळे साहित्य निवडणे हे एक स्वतंत्र काम असते याची आपल्याकडे घरात सवय नाही. नेमबाजीत मात्र ते अर्धे काम आहे. कोल्हापूर किंवा बालेवाडीच्या रेंजवर रोज जाणे जमत नाही, घरातल्या लांब खोलीत किंवा शाळेच्या सभागृहात दहा मीटर मोजून सराव चालतो, आणि शेजारी उभे राहून सांगणारा प्रशिक्षक आठवड्यातून एखाद्या वेळी भेटतो. अशा मुलाच्या पालकांना निवडीमागचे कारण माहीत असणे शहरातल्या पालकांपेक्षा जास्त गरजेचे आहे.

आपल्याकडच्या शालेय स्पर्धांत एअर रायफलचे ओपन साइट आणि पीप साइट असे दोन वेगळे प्रकार असतात, आणि पुष्कळ मुले ओपन साइटपासून सुरुवात करतात. ओपन साइटमध्ये डोळ्याजवळ एक खाच, नळीच्या टोकाला एक उभा खांब, आणि पलीकडे टार्गेट. तीन वेगवेगळ्या अंतरांवरच्या तीन वस्तू एका वेळी स्पष्ट पाहणे कुठल्याही डोळ्याला जमत नाही. पीप साइटने त्यातली एक अडचण काढून टाकली. मागच्या साइटच्या बारीक छिद्रातून पाहताना डोळा आपोआप छिद्राच्या मध्याकडे ओढ घेतो, म्हणून मुलाने त्याकडे वेगळे लक्ष देण्याचे कारण उरत नाही. उरतात दोन वर्तुळे: पुढच्या साइटची रिंग आणि तिच्या आत टार्गेटचा काळा गोल. काळ्याभोवती पांढरी फट सगळीकडून सारखी दिसली की नेम झाला. म्हणजे मूल काळ्या गोलाकडे नेम धरत नाही, ते पांढऱ्या फटीकडे पाहून नेम धरते. रिंगेचे माप निवडणे म्हणजे ही फट किती रुंद ठेवायची ते ठरवणे.

आता मापे. दहा मीटर एअर रायफलचे आंतरराष्ट्रीय टार्गेट ४५.५ मिलिमीटर व्यासाचे. त्यातले चार ते नऊ गुणांचे भाग काळे असतात आणि त्या काळ्या गोलाचा व्यास ३०.५ मिलिमीटर. दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. समजा मुलाच्या डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचे अंतर ९० सेंटिमीटर आहे. दहा मीटरवरचा ३०.५ मिलिमीटरचा गोल ९० सेंटिमीटरवर आणून पाहिला तर तो सुमारे पावणेतीन मिलिमीटरचा होतो. म्हणजे त्याच्याभोवती फट दिसायची तर रिंग पावणेतीनपेक्षा मोठी हवीच. प्रश्न एवढाच की किती मोठी. ३.२ मिलिमीटरची रिंग लावली तर दहा मीटरवर ती ३५.६ मिलिमीटरचे वर्तुळ घेरते, आणि काळ्याभोवती दर बाजूला अडीच मिलिमीटर पांढरे उरते. ४.१ मिलिमीटरची लावली तर ती साडेपंचेचाळीस मिलिमीटरचे वर्तुळ घेरते, म्हणजे बरोब्बर एक नंबरच्या रिंगेपर्यंतचे आख्खे टार्गेट, आणि फट उरते साडेसात मिलिमीटर. नव्या मुलासाठी मी याच मापापासून सुरुवात करायला सांगेन. लक्षात ठेवायला सोपे आहे: डोळा ते पुढची साइट हे अंतर मीटरमध्ये मोजा आणि साडेचारने गुणा, येईल ते मिलिमीटरमधले रिंगेचे माप. ९० सेंटिमीटरला ते चारच्या आसपास येते. आखूड रायफलीवर अंतर ८० सेंटिमीटर असेल तर ३.६ पुरते.

साडेसात मिलिमीटर कशाला, अडीच का नको, याचे उत्तर डोळ्यात आहे. अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे पंचांगाच्या भाषेत एक कला. चष्म्याची गरज नसलेला निरोगी डोळा साधारण एका कलेएवढे बारीक अंतर ओळखतो. ३.२ च्या रिंगेतली फट मोजली तर ती एका कलेपेक्षाही थोडी कमी भरते. म्हणजे उत्तम डोळ्याच्या अगदी सीमेवर. पण नेमबाज मोकळ्या डोळ्याने पाहतच नाही. तो मागच्या साइटच्या साधारण १.१ मिलिमीटरच्या छिद्रातून पाहतो, आणि छिद्र जितके लहान तितका त्यातून आलेला प्रकाश कडांना अधिक पसरतो. एवढ्या छिद्रातून दोन जवळचे ठिपके वेगळे दिसायला त्यांच्यात सुमारे दोन कलांचे अंतर लागते. त्यात तिसरी गोष्ट अशी की नजर पुढच्या रिंगेवर स्थिर ठेवायची असते, टार्गेटवर नव्हे. सगळे प्रशिक्षक हेच शिकवतात आणि ते बरोबर आहे. त्यामुळे दहा मीटरवरचा काळा गोल थोडा पुसट होतो, त्याची कड फटीत उतरते. बारीक छिद्राने हा पुसटपणा कमी होतो, नाहीसा होत नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र धरल्या तर पाऊण-एक कलेची फट कागदावर असते, डोळ्याला ती एक राखाडी कड म्हणून दिसते. ४.१ च्या रिंगेतली फट अडीच कलांच्या वर जाते, आणि तिथे खरोखरचे पांढरे दिसायला लागते. मुलाने न दिसणाऱ्या फटीवर नेम धरावा अशी अपेक्षा करणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि तो रोज शेकडो मुलांवर नकळत होत असतो.

डोळ्यानंतर हात. उभे राहून साडेचार-पाच किलोची रायफल धरली की ती डुलणारच. जगज्जेत्याचीही डुलते, फक्त कमी. नव्या मुलाचा नेम आठच्या वर्तुळात फिरत राहिला तर ती चांगली प्रगती समजावी, आणि आठच्या वर्तुळाची त्रिज्या सव्वापाच मिलिमीटर आहे. साडेसात मिलिमीटरच्या फटीत एवढे डुलणे मावते. काळा गोल रिंगेच्या आत इकडेतिकडे सरकतो, पण रिंगेला चिकटत नाही. अडीच मिलिमीटरच्या फटीत मात्र नऊच्या वर्तुळाच्या कडेपर्यंत नेम गेला तरी काळा रिंगेला टेकतो. मुलाला दर एक-दोन सेकंदांनी चित्र मोडलेले दिसते. मग दोनपैकी एक घडते. एकतर ते चित्र सुधारण्याच्या नादात दहा-बारा सेकंद रायफल धरून ठेवते, स्नायू थकतात, श्वास अपुरा पडतो, एकटक पाहून डोळ्यात रिंगेची सावली उमटते. किंवा काळा क्षणभर मध्यावर आला की घाईने ट्रिगर ओढते. घाईने ओढलेल्या ट्रिगरने जेवढे नुकसान होते तेवढे दुसऱ्या कुठल्याच चुकीने होत नाही, कारण त्या धक्क्याने नळीच हलते. मागच्या साइटपासून पुढची साइट ७५ सेंटिमीटरवर असेल, तर तिथला दशांश मिलिमीटरचा धक्का टार्गेटवर सव्वा मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त होतो, म्हणजे १०.९ चा नेम १०.४ वर येतो. धक्का अर्ध्या मिलिमीटरचा असेल तर दहाही हातचा जातो. लहान रिंग मुलाला अचूक करत नाही, ती त्याला घाबरट करते.

यावर पहिला आक्षेप अगदी स्वाभाविक आहे. मोठ्या रिंगेत काळा गोल थोडा बाजूला असला तरी कळणार नाही, मग अचूकपणा कसा येणार? आक्षेपात तथ्य आहे, पण ते किती आहे ते मोजून पाहावे. दोन फटींतला फरक ओळखण्याची डोळ्याची क्षमता फटीच्या रुंदीच्या प्रमाणात चालते. मोठ्या रुंदीत फरकही मोठा असावा लागतो. समजा मुलाला डाव्या-उजव्या फटींत दहा टक्क्यांचा फरक कळतो, त्याहून बारीक कळत नाही. साडेसात मिलिमीटरच्या फटीत दहा टक्के म्हणजे पाऊण मिलिमीटर, आणि तो फरक पडायला नेम मध्यापासून साधारण ०.३८ मिलिमीटर सरकावा लागतो. दशांश गुणांच्या पद्धतीत दर पाव मिलिमीटरला ०.१ गुण कमी होतो, म्हणजे न ओळखलेल्या या चुकीची किंमत १०.९ ऐवजी १०.८. फट दुप्पट, पंधरा मिलिमीटर केली तरी न कळणारी चूक पाऊण मिलिमीटरची, गुण १०.७. ज्या मुलाचे छर्रे आठ ते दहामध्ये पसरत आहेत त्याला या एक-दोन दशांशांची चिंता करण्याचे कारण नाही. त्याचे गुण डुलण्यात आणि ट्रिगरमध्ये जातात, आणि मोठी रिंग त्या दोन्हींना मदत करते. रिंग वाटेल तेवढी मोठी करून चालेल असे मात्र नाही. फट काळ्या गोलाच्या निम्म्याहून फार रुंद झाली की मुलाची नजर रिंग सोडून काळ्यावर जाऊन बसते, रिंग नजरेतून निसटते, आणि नेम धरण्याचे साधनच नाहीसे होते. म्हणूनच साडेचारच्या गुणाकाराने येणारे माप मला योग्य वाटते: त्यात फट काळ्याच्या व्यासाच्या पाव भागाएवढी येते.

दुसरा आक्षेप मोठ्यांच्या उदाहरणावरून येतो. अमुक पदकविजेत्याची रिंग तर लहान आहे, मग आमच्या मुलाने मोठी का वापरावी? इथे आधी हे विचारावे की ती रिंग कुठल्या प्रकारातली. कुसाळेचे पॅरिसचे पदक ५० मीटरचे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेतेपद मिळवले तेही ५० मीटरवर, आणि झोपून मारण्याच्या प्रोन प्रकारात. ५० मीटरच्या टार्गेटचा काळा गोल ११२.४ मिलिमीटरचा, ऐकायला दहा मीटरच्यापेक्षा कितीतरी मोठा. पण पाचपट लांब असल्यामुळे डोळ्याला तो दहा मीटरच्या गोलापेक्षा लहान दिसतो. ९० सेंटिमीटरवर आणला तर तो दोन मिलिमीटरचा भरतो. तिथे ३.२ ची रिंग लावली की फट सव्वादोन कलांची येते, म्हणजे ऐसपैस. तीच ३.२ दहा मीटरवर लावली की गुदमरते. एकाच आकड्याचे दोन ठिकाणी दोन अर्थ होतात, आणि आकडा पाहून रिंग आणणाऱ्याला हे कळत नाही. शिवाय प्रोनमध्ये दोन्ही कोपर जमिनीला टेकलेले, रायफल पट्ट्याने बांधलेली, डुलणे उभ्या नेमबाजाच्या मानाने अगदी थोडे. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला अठराव्या वर्षी दहा मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला. त्याचा प्रकार मुलाचाच, पण त्याची स्थिरता मुलाची नव्हे. बांगडी हात पाहून भरतात, दुसरीच्या हातातली पाहून नव्हे. रिंगही त्याच मुलाचे डुलणे, त्याचा डोळा आणि त्याच्या रायफलीची लांबी पाहून निवडायची असते.

खरेदीला लागलात तर दोन मापे आधी पाहा, कारण इथे पैसे फुकट जातात. बोगद्यात बसणाऱ्या चकत्यांची, म्हणजे इन्सर्टची, दोन प्रचलित मापे आहेत, एम १८ आणि एम २२. अठराची चकती बावीसच्या बोगद्यात बसत नाही. बोगदा रायफलीवर ११ मिलिमीटरच्या खाचेत बसतो, आणि आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तो २५ मिलिमीटरहून जाड आणि ५० मिलिमीटरहून लांब चालत नाही, नळीच्या दिसत्या टोकापुढेही जाता कामा नये. चकत्या दोन जातींच्या. पारदर्शक प्लॅस्टिकच्या चकतीत मधले छिद्र तिरकस कापलेले असते, त्याची कड गडद रिंगेसारखी दिसते आणि आजूबाजूचे टार्गेटही दिसत राहते. आजूबाजूचे दिसत असल्यामुळे शेजाऱ्याच्या टार्गेटवर गोळी जाण्याची भीती कमी, हा तिचा फायदा. पण ती ओरखडते, धूळ धरते, आणि मागून प्रकाश पडला की चमकते. पत्र्याच्या शेडमध्ये धुळीत सराव करणाऱ्या मुलासाठी स्टीलची बरी. स्टीलच्या चकतीतली रिंग दोन आडव्या हातांवर तोललेली असते, आणि ते हात रायफल तिरकी झाली की लगेच सांगतात. तिरकेपणाची किंमतही मोजण्यासारखी आहे. सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने जाणारा छर्रा दहा मीटरमध्ये साधारण १७ मिलिमीटर खाली पडतो, त्यामुळे रायफल एका वेळेपेक्षा दुसऱ्या वेळी पाच अंश जास्त कलली की गोळी दीड मिलिमीटर बाजूला जाते. रोज सारखीच कलत असेल तर काहीच बिघडत नाही, एकदा साइट जुळवली की झाले. म्हणून पाण्याच्या बुडबुड्याची लेव्हल मुलाला सुरुवातीला लागत नाही. नजरेसमोर आणखी एक वस्तू कशाला?

मग राहतो आयरिसचा, म्हणजे फिरवून छिद्र लहान-मोठे करता येणाऱ्या साइटचा मोह. सेंट्रा, गेहमान, एमईसी यांसारख्या जर्मन कंपन्यांच्या या साइट सुंदर असतात, आणि किमतीत चकत्यांच्या अख्ख्या संचाच्या कितीतरी पट महाग. आयरिसच्या बाजूचा युक्तिवाद असा की एकाच वस्तूत सगळी मापे मिळतात आणि प्रकाश बदलला की जागच्या जागी जुळवून घेता येते. अनुभवी नेमबाजासाठी तो खरा आहे. मुलासाठी तोच दोष ठरतो. दोन नऊ लागले की हात आयरिसकडे जातो, रिंग थोडी लहान होते, पुढच्या तीन गोळ्यांत सुधारणा झाल्यासारखी वाटते, मग पुन्हा बिघडते. मुलाला वाटते दोष साइटचा होता. ठरावीक चकती ही चुळबुळ थांबवते. प्रेसिहोलसारख्या भारतीय बनावटीच्या रायफलीवर असो की वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, स्टायरसारख्या परदेशी रायफलीवर, चकत्यांचा एक संच घ्यावा, त्यातली एक बसवावी आणि महिनाभर हलवू नये. आयरिस घ्यायचीच तर मुलाचे साठ गोळ्यांचे गुण स्थिर झाल्यावर घ्यावी, आणि वजन पाहून घ्यावी. नळीच्या टोकाला वाढलेले पन्नास ग्रॅम लहान मुलाच्या डाव्या हाताला बरेच लांबून ओढतात.

दोन रिंगांपैकी कुठली चांगली हे ठरवताना लोक दहा-दहा गोळ्या मारून बेरीज पाहतात, आणि इथेच फसतात. समजा एकेका गोळीच्या गुणांत अर्ध्या गुणाची चढउतार आहे, म्हणजे मूल बऱ्यापैकी स्थिर आहे. तरीही दहा गोळ्यांची बेरीज निव्वळ योगायोगाने दीड गुण इकडे-तिकडे होते, आणि दोन मालिकांमधला फरक दोन गुणांपर्यंत सहज जातो. एका रिंगेवर ९८ आणि दुसरीवर १०० आले यातून काहीही सिद्ध होत नाही. चाचणी करायची तर पहिली रिंग, दुसरी, दुसरी, पहिली अशा क्रमाने मालिका माराव्यात, म्हणजे थकव्याचा बोजा दोन्हींवर सारखा पडतो, आणि हे काही दिवस चालवून मग सगळ्या गोळ्या एकत्र पाहाव्यात. बेरजेपेक्षा गोळ्यांचा पसारा पाहावा, कारण घोळका एका बाजूला सरकलेला असेल तर तो मागच्या साइटच्या क्लिकने सुधारतो, पसरलेला असेल तर क्लिकने सुधारत नाही. गोळी न मारता करायची एक चाचणी याहून लवकर उत्तर देते. रायफल उचलून आठ सेकंद धरायची आणि मुलाला एवढेच विचारायचे: पांढरी फट पूर्ण वेळ अखंड दिसली का? दर वेळी कुठेतरी तुटत असेल तर रिंग ०.२ मिलिमीटरने वाढवायची. पुढे सहा महिन्यांनी डुलणे कमी झाले की तेवढ्याच पायरीने कमी करता येते. बदल सरावात करावा, स्पर्धेच्या आठवड्यात नव्हे, आणि पुढची रिंग व मागचे छिद्र एकाच दिवशी कधीच बदलू नये. मग सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही.

प्रकाशाचे गणित गावाकडे वेगळे असते. आंतरराष्ट्रीय नियमांत दहा मीटरच्या टार्गेटवर किमान १५०० लक्स प्रकाश मागितलेला आहे. सभागृहातली एखादी ट्यूबलाइट याच्या जवळपासही जात नाही. मंद उजेडात पांढरे करडे होते आणि फट आणखी अरुंद भासते, म्हणून तिथे मोठी रिंग अधिकच लागते. त्याआधी टार्गेटवर दोन चांगले दिवे लावणे हा कुठल्याही साइटपेक्षा स्वस्त उपाय आहे, हेही पालकांनी लक्षात घ्यावे. मूल सांगत असेल की फट नेहमी उभ्या बाजूंना बारीक आणि आडव्यांना जाड दिसते, किंवा रिंग अंडाकृती वाटते, तर साइट बदलू नका, डोळे तपासा. सिलिंडर नंबर असेल तर असे दिसते, आणि त्याला जगातली कुठलीही रिंग उपयोगाची नाही. चष्म्याचे भिंग मागच्या साइटवर बसवायला नियमांत परवानगी आहे.

एक गोष्ट सुट्या भागांची. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अभिनव बिंद्राच्या रायफलीची साइट सामन्याच्या काही वेळ आधी रायफल पडून मोडली आणि त्याला ऐनवेळी दुसरी बसवावी लागली, असे वृत्त तेव्हा आले होते. अंतिम फेरीत तो चौथा आला. बिंद्राकडे दुसरी साइट होती. आपल्याकडच्या जिल्हा स्पर्धेत चकती बोगद्यातून निसटून जमिनीवर हरवली तर मुलाची स्पर्धाच संपते. म्हणून वापरातल्या मापाची दुसरी चकती रायफलीच्या पेटीत असावी. एका मुलासाठी पूर्ण संच घेणे जड वाटत असेल, तर कडेगाव, विटा, पलूस भागातल्या शाळांनी आणि तालुका क्रीडा संकुलांनी एम १८ आणि एम २२ अशा दोन्ही मापांच्या, ३.४ ते ४.४ मिलिमीटरच्या चकत्यांची एक सामाईक डबी ठेवावी, आणि नव्या मुलाला रायफल देताना आधी डोळा ते साइट अंतर टेपने मोजून त्या डबीतली रिंग द्यावी.